बोलत राहा, काका

बदनापूर
१७ नोव्हेंबर २०२४

मीना,

तू म्हणलीस तसं पत्र लिहून राह्यलो. पण मला हे पटलेलं न्हाई, ते आधी सांगतो. मोबाईल विहिरीत फेकला ही माझी चूक, बराबर. पण दोन दिवस फोन कुणी उचलला नव्हता? आन् वर स्टेशनावर उभं राहून मला सांगतीस, "नवा मोबाईल घेतलास तरी मी उचलणार नाही. फोनवर तू ओरडतोस. पत्र लिही, पाकीट शोधेपर्यंत तरी तुझा राग उतरेल." तुझी परभणीची गाडी गेली आन् मी तिथंच बाकड्यावर बसलो. पाकीट शोधायला खरंच अर्धा दिवस गेला. भागवत पोस्टमन म्हणला, "हातानं लिहिलेलं? कुणी वारलं का?"

राग उतरला न्हाई. पण सांगण्यासारखं एक घडलं.

काल सकाळी मोटर चालू करायला आमच्या विहिरीवर गेल्तो. काठावर तुझे बाबा उभे. डोक्याला मफलर, हातात बँकेची कापडी पिशवी. मला वाटलं, आपलं सगळं कळलं. मी तोंडात उत्तर तयार ठेवलं. तुला माहीत हाय माझं.

ते आत वाकून बघत म्हणले, "पाणी किती हाय रे?"

म्हणलं, "चार परस. चार माणसं एकावर एक उभी केली तरी बुडतेत."

"गावातल्या पोरांना तूच शिकवतोस ना पव्हायला?"

"हो."

"मला शिकव."

पिशवीतून टॉवेल निघाला. मंग सांगितलं त्यांनी. तुझ्या भावानं, राधेश्यामनं, रिटायरमेंटची भेट म्हणून सगळ्या घराची अंदमानची तिकिटं काढलीत. तिथं पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या खाली नेतेत म्हणं. राधेश्याम म्हणतो, बाबा, तुमच्यासाठी तळाला काच असलेली बोट हाय, बसल्या बसल्या मासे दिसतेत. "बत्तीस वर्षं कॅशियरच्या काचेमागं बसलो," म्हणले. "आता समुद्रात जाऊन पुन्हा काचेमागंच बसू काय?"

मंग माझ्याकडं नीट बघितलं. "तूच ना तो? मीनाच्या वर्गातला. सेकंड इयरला सरांच्या टेबलावर जर्नल फेकून कॉलेज सोडलेला?"

"मीच."

"बरं. मला फेकू नको."

आता मी काय करू? हो म्हणलो हाय. उद्यापासून सहाला येणारेत. कुणाला सांगू नको म्हणलेत, ह्या वयात पोरांसंगं विहिरीत उतरायची लाज वाटती. तू काय म्हणतीस ते जल्दी लिही.

सूरज


परभणी
२३ नोव्हेंबर

सूरज,

पत्र वाचून मी मेसमध्ये एकटीच हसत सुटले. माझी रूममेट साजिया म्हणाली, "हे पोरगं फोनपेक्षा कागदावर बरं आहे." मलाही तसंच वाटलं.

आता नीट ऐक. पुण्याचं एक स्थळ आलंय. मुलगा इंजिनिअर आहे, आईच्या मामेबहिणीनं सुचवलंय. अंदमानहून आल्यावर उत्तर द्यायचं असं बाबांनी ठरवलंय. हे वाचून तू कशाला तरी लाथ मारशील. मारून घे आणि मग पुढचं वाच.

मी बाबांना आपलं तिथंच सांगणार आहे. ते समुद्राखालून वर आले की. त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. बँकेतला कोट सुद्धा राधेश्यामचा जुना. हे पहिलंच मागणं आहे. ते पुरं झालं की त्या दिवशी ते ऐकून घेतील, माझं मन सांगतं.

म्हणजे ते पाण्यात उतरले पाहिजेत, आणि ते तुझ्या हातात आहे. तोवर आपल्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. आणि भांडायचं नाही. बाबा टोमणे मारतात. ते तुला कॉलेजवरून बोलतील, तू गप्प राहायचं. त्यांचं तुझ्याबद्दल एकच म्हणणं असणार, डोक्यात राख घालून घेणारा पोरगा. ते खोटं ठरव.

पाणी गार नाही ना? त्यांना लगेच सर्दी होते.

मीना


बदनापूर
१५ डिसेंबर

मीना,

थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं, वरून वाफ निघती. शेतीची एम.एस्सी. करून राह्यलीस आन् हे माहीत न्हाई.

मी फक्त विहिरीच्या लोखंडी गेटाला लाथ मारली. एकदाच.

काकाची गाडी चांगली चाललीय. पाठीला तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन बांधतो, कमरेला दोर, दोराचं टोक माझ्या हातात. पहिले चार दिवस पायऱ्या सोडायला तयार नव्हते. मंग आधी डोकं बुडवायला शिकवलं. तोंड मिटा, गाल फुगवा, श्वास धरा, मंग खाली. हे मी इतकं पक्कं बसवलंय की झोपेत तांब्या ओतला तरी गाल फुगवतील. श्वास धरणं म्हंजेच पव्हणं, बाकी सगळं हातपाय. मला माझ्या चुलत्यानं आसंच शिकवलं. म्हंजे त्यानं नुसतं वरून ढकललं होतं, श्वास माझा मीच धरला.

उताणं पडायला मात्र जमंना. अंगाचं लाकूड होतं आन् बुडतेत. मी वरून दोर धरून उभा. म्हणलं, "काका, बोलत राहा. काहीबी बोला. बोलता म्हंजे श्वास चालू हाय, मला वर कळतं." मंग बोलायला लागले आन् अंग सैल पडलं. आता बंद होत न्हाईत. बँकेत पहिल्या दिवशी नोटा मोजताना तीनदा कसे चुकले ते सांगितलं. तू झालीस त्या दिवशी नव्या जालन्यातून जिलेबी घेऊन निघाले आन् बदनापूरच्या ऐवजी पुढं संभाजीनगरलाच जाऊन उतरले, हे तुला माहीत हाय का? मला माहीत हाय आता.

आन् ते पुण्याचं पण सांगतेत. आभाळाकडं बघून विचारलं, "पोरगं चांगलं वाटतं रे. तू तिच्या वर्गात होतास, तुला काय वाटतं?"

म्हणलं, "काका, पाय हलवा."

मधी जरा खंड पडला, बाकी रोज येतेत. एमआयडीसीत माझी दुपारची पाळी असती. बियाण्याच्या मशिनीचा आवाज इतका मोठा, की आत कुणी कुणाशी बोलत न्हाई. दिवसभरात सकाळचं तेवढंच बोलणं होतं. ते पण तुझ्या बापाशी. तू कधी येणार?

सूरज


परभणी
३ जानेवारी २०२५

सूरज,

जिलेबीचं मला माहीत नव्हतं. आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, "तेव्हा तर म्हणाले गाडी लेट होती." आता घरात त्यावरून चाललंय.

बाबांनी आईला शेवटी विहिरीचं सांगितलंच. ती म्हणते, त्यांच्या अंगाला शेवाळाचा वास येतो, पण माणूस खुशीत आहे. फक्त मधे दोन दिवस ते विहिरीवर गेले नाहीत. विचारलं तर म्हणाले, सर्दी. आई म्हणते सर्दी बिलकुल नव्हती. तूही "जरा खंड" एवढंच लिहिलंस. काय झालं होतं?

इथं आमच्या प्लॉटवर ज्वारी हुरड्याला आलीय. मोजमाप घेताना एक कणीस खुडलं आणि तुमच्या शेतातला तो दिवस आठवला, तू हुरडा भाजताना बोट भाजलं आणि राग विस्तवावर काढलास. मी त्या दिवशी खूप हसले होते. हसता हसता काय ठरवलं होतं ते तुला अजून सांगितलेलं नाही.

मीना


बदनापूर
१४ जानेवारी

मीना,

सर्दीच असंल.

आज संक्रांत. काकांनी तिळगूळ आणला होता, प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर. पाण्यात उतरायच्या आधी माझ्या हातावर ठेवला आन् म्हणले, "गोड बोल. तुला जड जातं, तरी बोल." मंग कॅन सोडून बाजूला ठेवली आन् तसेच उतरले. मीना, कॅन न्हाई, दोर न्हाई. विहिरीच्या मधी उताणे, हात पसरलेले, पोट वर, आन् तोंडाचा पट्टा चालू. विहिरीतलं कासव पण वर येऊन बघून गेलं. मला काय वाटलं ते लिहिता येत न्हाई. माझा एक पेपर सुटला असता तरी एवढं वाटलं नसतं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही निघणार. मी समुद्र बघितलेला न्हाई. तू जाणार, तुझी आई जाणार, पव्हायला कालपरवा शिकलेले काका जाणार, आन् मी हितं बियाण्याच्या पोत्यांना शिलाई मारणार. जळतो आसं समज. पण तू मला तिथलं सगळं लिही. पाण्याचा रंग, मासे, तुझ्या केसांना मीठ लागलं का ते पण. न्हाईतर मी डोळे मिटून काहीबी बघत बसंल आन् त्यात ते पुण्याचं पोरगं पण येतं.

एक काम. आमच्या हितं तळ गाठला की मूठभर गाळ वर आणावा लागतो, न्हाईतर कुणी मानत न्हाई. काकांना सांगितलंय, समुद्राच्या तळाची मूठभर वाळू आणा. ते म्हणले, "आणतो. तू मान्य कर म्हंजे झालं."

मीना, त्यांना सांगताना माझं नाव जरा हळू घे.

सूरज


हॅवलॉक, अंदमान
२७ जानेवारी

सूरज,

हे पत्र तुला कधी मिळेल माहीत नाही. पोस्टातल्या बाईंनी खांदे उडवले.

पाण्याचा रंग आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला मला जड जाणार आहे. काठाशी पाणी असं की पायाची नखं मोजावीत. थोडं पुढं मोरपंखी. त्याच्या पुढं एकदम गडद, जणू कुणी रेघ मारलीय. आज स्नॉर्कलिंगला गेलो. डोळ्यांना काचेचा मुखवटा, तोंडात वाकडी नळी, पोटाखाली रबरी रिंग, आणि नुसतं तोंड खाली घालून तरंगत बघायचं. आईनं जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला. आधी म्हणाली, मी काठावर चपला राखते. मग एकदा तोंड खाली घातलं आणि नळीतूनच "अगं बाई" असा भोंगा वाजला. नंतर ती निघेचना. रिंग ओढणाऱ्या मुलाला सारखी विचारत होती, "ये कौनसी मछली? वो पैठणी के काठ जैसी?"

बाबांनी रिंग घेतलीच नाही. उताणे पडले, हात पसरले आणि आभाळाकडं बघून मोठमोठ्यानं बोलायला लागले. राधेश्याम घाबरून म्हणाला, बाबांना ऊन लागलं. मला एकटीला कळलं. मला तिथं पाण्यातच रडू आलं, मुखवट्याच्या आत. ते पुसता येत नाही रे.

परत येताना बोटीत मी मुद्दाम विषय काढला. म्हटलं, "बाबा, आईनं सांगितलं मला. त्या सूरजनं छान शिकवलं ना तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "शिकवलं बराबर. पण एकदा मला विहिरीत टाकून निघून गेला. रागानं. मी पाइप धरून लटकत होतो."

एवढ्यात बोट लाटेवर आदळली, आईला उलट्या सुरू झाल्या आणि बोलणं तिथंच राहिलं.

सूरज, त्यांना अजून पूर्ण पोहता येत नव्हतं. चार परस पाणी, तूच लिहिलं होतंस. आणि मी विचारलं तर म्हणालास, सर्दीच असेल.

उद्या सकाळी बाबांचा डाइव्ह आहे. त्यानंतर मी त्यांना सांगणार होते. आता काय सांगू? ते तुझ्याबद्दल जे म्हणतील असं मला वाटलं होतं, ते त्यांनी म्हणायच्या आधीच तू खरं करून ठेवलंस.

मी नाही सांगणार बहुतेक.

मीना


बदनापूर
६ फेब्रुवारी

मीना,

तुझं पत्र आज आलं. भागवत पोस्टमनच्या हातातून ओढून घेतलं, तो बडबडत गेला.

सांगतो. तवाच सांगायला पाहिजे होतं.

त्या दिवशी काका कॅन बांधून उताणे पडले होते. बोलता बोलता म्हणले, "माणसानं धरलं ते पुरं करावं. तुझ्यासारखं अर्ध्यात सोडून पळणारं पोरगं माझ्या मीनाला सांगून आलं असतं, तर मी दारातूनच परत लावलं असतं." त्यांना काय माहीत. हसत हसत म्हणले. पण माझं डोकं गेलं. दोर काठावर टाकला आन् चालायला लागलो. चपला पण घातल्या न्हाईत. मागून ते बोलतच होते, "अरे कुठं चाललास, अरे ऐक तर," आन् मी मोसंबीच्या बागेपर्यंत गेलो. आन् मंग त्यांचा आवाज बंद झाला.

तूच म्हणतीस मी ओरडतो. आवाज बंद झाल्यावर काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मीच त्यांना सांगितलं होतं, बोलता म्हंजे श्वास चालू हाय. मी पळालो. कुठून कसा पळालो ते आठवत न्हाई. काठावर पालथा पडून आत बघितलं तर ते मोटरच्या पाइपाला मिठी मारून होते. वर बघून म्हणले, "कॅन ढिली झाली. बांध." बस. त्याच्या पुढं एक शब्द न्हाई. दोन दिवस आले न्हाईत, तिसऱ्या दिवशी सहाला काठावर उभे. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणले, "पाणी कमी झालं का रे?"

तुला लिहिलं न्हाई कारण तू गेली असतीस. आता पण चाललीसच.

तुम्ही परत आलात हे मला तुझ्या आईला, उषाकाकूला, बाजारात बघून कळलं. विमानतळावरून, हैदराबादहून गाडीनं येताना तू परभणीलाच उतरलीस म्हणं. काका विहिरीवर आले न्हाईत. रोज सकाळी सहाला मी तिथं जातो. वाफ निघती, कासव वर येतं, खाली जातं. मी एकटा काठावर. काल स्टेशनावर जाऊन परभणीचं तिकीट काढलं. गाडी आली, उभी राह्यली, गेली. मी चढलो न्हाई. तू म्हणली होतीस, बोलवल्याशिवाय यायचं न्हाई. एवढं एक तरी पाळलं, ते लिहून ठेव.

तू समुद्राखाली गेलीस का? काका गेले का? त्यांनी श्वास धरला का? रागावून का होईना, तेवढं लिही.

पाण्याचा रंग आजच पाचदा वाचला.

सूरज


हॅवलॉक
२९ जानेवारी

सूरज,

परवाचं पत्र पोस्टात टाकलं आणि काल सगळं बदललं. दोन्ही पत्रं तुला एकदमच मिळोत.

आधी तुझा घोळ सांगते. तू बाबांना श्वास धरायला शिकवलंस ना? तिथं पहिला नियम हा की श्वास धरायचा नाही. पाण्याखाली पण सारखा घ्यायचा आणि सोडायचा. वर येताना धरलेला श्वास फुप्फुस फाडू शकतो. शिकवणाऱ्यानं हिंदीत तीनदा समजावलं. बाबांनी तिन्ही वेळा मान डोलावली. मग कमरेएवढ्या पाण्यात सरावाला डोकं खाली घातलं, आणि काय, गाल टम्म. तोंडात हवेची नळी आणि माणूस श्वास धरून बसलेला. वर आणलं. पुन्हा समजावलं. पुन्हा गाल टम्म. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "अंकल, रहने दो. आप बोट में बैठो, शीशे से सब दिखेगा."

बाबा पाण्यातून निघाले. वाळूवर येऊन बसले. पायातले ते रबरी पंख काढून नीट जोडीनं ठेवले, जसे देवळाबाहेर जोडे ठेवतात. आई म्हणाली, "जाऊ द्या हो, घरी हुरडा तर आहे." ते तोंड मला बघवेना.

तुझा राग आला होता. पण त्या तोंडावर इलाज फक्त तुझ्याकडंच होता. मी शेजारी बसले. विचारलं, "बाबा, विहिरीत तुम्ही उताणे पडून काय करता?"

"बोलतो."

"मग इथं पण बोला."

"येडी का तू? तोंडात नळी हाय."

"नळीतच बोला. शब्द कुणाला कळायचे नाहीत. श्वास तर चालू राहील."

मग उठले आणि पंख घातले.

मी दुसऱ्या शिकवणाऱ्याबरोबर थोडी मागून उतरले. सूरज, खाली आवाजच नाही. फक्त आपला श्वास, जणू दुसरंच कुणी आपल्याजवळ झोपलंय. मला सारखं वाटत होतं तू डाव्या बाजूला आहेस. मी दोनदा वळून बघितलं. प्रवाळ काही ठिकाणी मेंदूसारखं, काही ठिकाणी वाळक्या काट्याकुट्यांसारखं, आणि त्यातून निळे मासे, मूठभर हरभरे फेकावेत तसे. आणि समोरून बाबा येताना दिसले. शिकवणाऱ्यानं पाठीमागून धरलेले, हात पसरलेले, आणि तोंडातून बुडबुड्यांची माळ, थांबतच नव्हती. बोलत होते. चेहऱ्यावर हातवारे करताना असतात तसे भाव. तळाशी पोचल्यावर खाली वाकून मूठभर वाळू उचलली. त्यानं बोटानं नको केलं आणि त्यांची मूठ हळू उघडली. वाळू धुरासारखी खाली गेली. इथून एक शिंपला सुद्धा न्यायला मनाई आहे.

वर आल्यावर आधी तेच म्हणाले. "मूठ उघडायला लावली. आता त्याला काय दाखवू?"

मी विचारलं, "खाली एवढं काय बोलत होतात?"

"सूरजला शिव्या देत होतो. साल्या, श्वास धरा म्हणलास, मेलो असतो ना."

"पूर्ण वेळ?"

"मंग? बोलायला तिथं दुसरं कोण होतं?"

मग मी विहिरीत सोडून गेल्याचं विचारलं. बाबा हसले. "अगं, परत आला की. अनवाणी. पायात काटे, आणि तोंड असं पांढरं, मला वाटलं ह्यालाच आधी बाहेर काढावं लागतं. मी मुद्दामच गप्प बसलो होतो. बघत होतो येतो का."

तेव्हा मी सांगितलं. हुरड्याच्या दिवशी मी काय ठरवलं होतं ते. तुला सांगायच्या आधी त्यांना सांगितलं गेलं.

बाबांनी ओला शर्ट पिळला. बराच वेळ पिळत राहिले. मग विचारलं, "म्हंजे तो रोज सकाळी मला शिकवत होता, ते तुझ्यासाठी?"

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना वाईट वाटलंय. त्यानंतर ते या विषयावर बोललेले नाहीत. उत्तर तुझ्याकडंच आहे, आणि ते मागायला आले तर तू खरं सांग. माझ्यासाठी गोड करून सांगू नकोस.

केसांना मीठ लागलंय. दोनदा धुतलं तरी जात नाही.

मीना


बदनापूर
१२ फेब्रुवारी

मीना,

तुझं हे पत्र परवा मिळालं, पहिल्याच्या मागून चार दिवसांनी. अंदमानची पोस्ट आन् माझं नशीब एकाच गाडीनं चालतं. पूर्ण वाचलं आन् मंग अंगणात जाऊन बसलो. आईनं विचारलं काय झालं, म्हणलं काही न्हाई, समुद्र बघून राह्यलो.

आज सकाळी सहाला काका आले.

मफलर, पिशवी, टॉवेल. माझ्याकडं बघितलं न्हाई. पायरीवर बसले. म्हणले, "खाली जाऊन आलो."

म्हणलं, "कळलं."

त्यांनी उजवा हात पुढं केला. मूठ उघडली. मोकळीच. "मानतोस का?"

"मानतो."

मंग मफलर काढून त्याची घडी घातली. शेवटी त्यांनी पाण्याकडं बघत विचारलं, "कुणासाठी शिकवत होतास?"

मीना, माझ्या तोंडाशी किती उत्तरं आली. तू लिहिलं होतंस, गोड करू नको. म्हणलं, "पहिला आठवडा तिच्यासाठी. तुम्ही बुडू नये म्हणून न्हाई, तुम्ही हो म्हणावं म्हणून. मंग तुम्ही उताणे पडून बोलायला लागले. जिलेबीचं सांगितलं. आमचा बाप गेल्यापासून घरात माझ्याशी कुणी एवढं बोललं न्हाई. मंग मी साडेपाचलाच येऊन बसायचो. त्या दिवशी सोडून गेलो, तवा तुम्ही बोलायचे थांबले आन् मी पळत आलो, त्या वक्ताला मीना ध्यानात पण नव्हती."

मंग म्हणले, "हे तिला सांगू नको. रागवंल." सांगितलं मी, बघ.

मंग कपडे काढून पाण्यात उतरले. मला म्हणले, "तू पण ये." मी उतरलो. म्हणले, "उताणा पड."

"काका, मला येतं."

"माहीत हाय येतं. पड."

पडलो. त्यांनी पाठीखाली हात घातला. तोच, मोकळा. मला पव्हायला चुलत्यानं वरून ढकलून शिकवलं, तुला लिहिलं होतं. पाठीखाली कुणाचा हात कधीच नव्हता. आभाळ लई जवळ दिसतं तसं पडल्यावर.

वरून म्हणले, "पुण्याच्या लोकांना न्हाई म्हणून कळवलं."

माझं अंग लाकूड झालं.

"तुला हो म्हणलो न्हाई अजून. कॉलेज अर्धं टाकलंस, त्याचं काय ते आधी सांग. परत जाणार का पोतीच शिवणार? सरांची माफी मागणार का? सांग."

मला बोलता येईना. पाण्यात कान बुडालेले, त्यांचा आवाज लांबून यायचा.

"बोल पोरा," म्हणले. "गप्प बसलास तर मला कळत न्हाई श्वास चालू हाय का. बोलत राहा."

मंग बोललो. जर्नल का फेकलं ते, सर काय म्हणले होते ते, त्या दिवसापासून हितल्या कॉलेजच्या रस्त्यानं गाडी नेत न्हाई ते, जूनमधी परत नाव घालायचं मनात हाय ते. तुझं पण बोललो. काय ते लिहीत न्हाई. सूर्य मोसंबीच्या झाडांवर आला तरी बोलतच होतो.

मीना, मला पव्हता येतं, हे त्यांना माहीत हाय. तरी त्यांनी हात काढला न्हाई.

शिमग्याला तू घरी येणार का, तेवढं कळव. केसांतलं मीठ तोवर राहतंय का बघ.

सूरज